जाळीतला घास

१

माझ्या नवऱ्याला जुनी यंत्रं दिसली की राहवत नाही. बंद पडलेला रेडिओ, पितळी पात्यांचा पंखा, हाताने फिरवायचं शिलाई मशीन, असं काहीबाही तो घरी आणतो, उघडतो, तेल घालतो आणि चालू झालं की टाळ्या वाजवतो. मग ती वस्तू माळ्यावर जाते आणि पुढची येते. म्हणून त्याच्या मावशीने स्वतःचं घर सोडून मुलाकडे राहायला जाताना आपलं जुनं डिशवॉशर त्याला देऊ केलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, की माळ्यावर जागा उरली आहे का.

"माळ्यावर कशाला? हे वापरायचं," तो म्हणाला. "आजकालच्या मशीनला टिचकी मारून बघ, डबा वाजतो डबा. आणि हे बघ, सगळं पोलाद."

पोलाद उचलायला तिघं लागले. त्याचा पांढरा मुलामा पिवळसर पडला होता. कोपरे गोल, खाली चाकं, आणि उघडायचं ते पुढून नाही, वरून. जाडजूड झाकण, त्याच्या कडेने काळं रबर. आत तारेचे दोन मजली रॅक, तळाला पंख्यासारखी पाती आणि पात्यांच्या खाली एक गोल जाळी. एक पाइप नळाला जोडायचा, दुसरा सिंकमध्ये सोडायचा आणि समोरची चावी फिरवायची, की पोटात पाणी उसळायला लागायचं.

मावशी स्वतः आल्या होत्या शिकवायला. या वयातही ठणठणीत, गालांवर लाली असलेली बाई. स्टुलावर बसून त्यांनी माझ्याकडून एकेक ताटली लावून घेतली.

"ताटल्यांची तोंडं मधे कर. कप पालथे. चमचे त्या टोपलीत, नाहीतर खाली पडून पात्यांत अडकतील. आणि हे नीट ऐक, सूनबाई, भांडी विसळून घालायची नाहीत. जेवून उठलात की जशी असतील तशी घालायची. खरकट्यासकट."

"खरकट्यासकट?"

"मग? त्याच्यासाठीच तर आहे ते."

मला शिसारी आली. लपवता आली नाही, कारण मावशी हसल्या. पण तुम्हीच सांगा, एका पेटीत तिघांची उष्टी ताटं कोंबायची, कुणाची लाळ, कुणाचा चघळून टाकलेला देठ, चमच्याला चिकटलेला अर्धा घास, वरून कढत पाणी सोडायचं आणि तेच पाणी सगळ्यांवरून फिरवत ठेवायचं. याला धुणं म्हणायचं? मी तर याला काढा म्हणेन.

नवरा म्हणतो, मी नाकाने कांदे सोलते. गंमत अशी, की माझा धंदा तोंडांचाच आहे. मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माणसांच्या तोंडाचे साचे पाठवतात, मी त्यांत प्लास्टर ओतते, हिरड्या घडवते, मेणात एकेक दात बसवते. दिवसभर माझ्या टेबलावर लोकांचे जबडे आ वासून पडलेले असतात आणि मी शेजारी चहा पिते. पण प्लास्टरच्या तोंडाला लाळ नसते. घरी मात्र कुणाचा उष्टा पेला माझ्या बोटाला लागला तरी मी हात धुते, अगदी माझ्या पोटच्या पोरीचा असला तरी.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे. मावशींची रिक्षा वळली आणि मी भांडी बाहेर काढली, साबण लावून घासली, धुतली आणि परत लावली. तेव्हापासून रोज तसंच.

"धुतलेली भांडी धुवायला मशीन?" नवरा म्हणाला. "तू म्हणजे जेवून आल्यावर जेवायला बसणारी."

"माझ्या मनाचं समाधान. तुझं मशीन चालल्याशी मतलब ना तुला? चालतंय की."

आमची मुलगी, तिला आम्ही गुंडी म्हणतो, पहिलीत आहे. तिचे वरचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते. ती झाकणाला कान लावून बसली होती आणि म्हणाली, "आई, हे जेवतंय."

२

पहिल्यांदा जाळीत भाताची चार शितं सापडली तेव्हा मला कसलीच शंका आली नाही. मावशींच्या घरचा जुना माल असेल, पाइपमध्ये अडकलेला, म्हणून मी नाक दाबून ती शितं कागदात गुंडाळून टाकली. दुसऱ्या दिवशी जाळीत मटार होते. फुटलेले, सालं निघालेले, भाताच्या लगद्यात कालवलेले. आदल्या दिवशी आम्ही मटार घातलेला भातच खाल्ला होता, पण ताटं मी माझ्या हाताने घासली होती. नखाने खरवडून पाहिली होती.

"राहिलं असेल कुठेतरी," नवरा म्हणाला.

"माझ्याकडून?"

माझ्याकडून काही राहत नाही हे त्याला लग्नापासून माहीत आहे.

मग मी ते यंत्र धुतलं. हो, भांडी धुवायचं यंत्र धुतलं. रॅक बाहेर काढले, सोडा टाकून उकळतं पाणी ओतलं, पाइप काढून अंगणात आपटले, जाळी जुन्या टूथब्रशने घासली. नवऱ्याने पाती उघडून दिली. त्यांच्या खाली काही नव्हतं, नुसता मुलामा, कोरडा आणि गुळगुळीत. त्या संध्याकाळी बटाटे होते. जेवण झालं, मी भांडी घासली, धुतली, फडक्याने कोरडी केली आणि लावली. नवऱ्याने चावी फिरवली.

आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. सुरुवातीला पाणी भिंतींवर आदळायचं, तो साधा आवाज. मग पाणी जरा शांत व्हायचं आणि आतून मऊ, ओला, सारखा एका लयीत आवाज यायचा. तोंड मिटून कुणी सावकाश जेवत असेल तसा.

"पाती झिजलीत," नवरा म्हणाला. "नवी घडवून घेतो."

आवाज थांबल्यावर मी झाकण उघडलं. वाफ तोंडावर आली आणि तिच्यासोबत वास आला. साबणाचा नाही, आणि शिळ्या अन्नाचाही नाही. तान्ह्या बाळाने दूध उलटून टाकल्यावर खांद्याला येतो तो वास. जाळीवर बटाट्याचा लगदा होता, चांगला मूठभर.

३

मला माझ्या डोक्यावर विश्वास आहे. ज्या बाईला केसाएवढा फरक बोटाने ओळखावा लागतो, ती उगाच भास होऊ देत नाही. मी ठरवलं, की कुठेतरी साधी चूक आहे. बहुधा सिंकचं घाण पाणी पाइपमधून उलटं आत शिरत असेल. मी सिंकमधला पाइप काढून बादलीत सोडला. जाळी तरीही भरली. मग वाटलं, रॅकच्या तारांचं रबर फाटलंय, त्याच्या आत अन्न साचत असेल. नवऱ्याने सगळ्या तारा सोलून नवं रबर चढवलं. जाळी भरली.

रोज ते काढायचं काम माझंच. नवरा मोटारीचं तेल कोपरापर्यंत माखून घेईल, पण जाळी म्हटलं की त्याला फोन येतो. मी रबरी हातमोजे घालायची, तोंडाला फडकं बांधायची, तरी तो गुळगुळीतपणा हातमोज्यातून कळायचा. ते कोमट असायचं. यंत्र गार झाल्यावरही कोमट असायचं.

त्या रविवारी दुपारी जेवणात उकडलेली अंडी होती. गुंडीने एक अख्खं अंडं माझ्यासमोर मटकावलं. ताटलीत पिवळ्याचा कणही ठेवला नाही, आणि "बघ" म्हणून रिकामं तोंड उघडून दाखवलं. तासाभराने जाळीत पांढऱ्याचा एक मोठा तुकडा होता. घाईने गिळलेला, न चावलेला.

मी तो टाकणार होते. पण हाताची सवय वाईट, मी तो उजेडात धरला. तुकड्याला दाताने तोडल्याची कड होती. अर्धगोल, दोन्ही बाजूंना शेजारच्या दातांच्या बारीक खुणा, आणि मधे, जिथे पुढच्या दोन दातांनी कापायला हवं होतं तिथे, पांढऱ्याचा ओबडधोबड उंचवटा तसाच उभा. वरचे पुढचे दोन दात नसलेल्या लहान तोंडाचा चावा होता तो.

आमच्या घरात असं तोंड एकच आहे.

मी तुकडा खाली टाकला आणि न्हाणीघरात गेले. ओकून झालं तरी ओकारी थांबेना. बाहेरून गुंडी दार वाजवत होती. "आई, झालं का तुझं? मला भूक लागलीये."

"आत्ता तर जेवलीस."

"हो, पण पोटात काहीच नाहीये."

४

ती रोड होत चाललीये हे मी त्याआधी बघितलंच नव्हतं असं नाही. शाळेचा फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला होता. बुटांत मोजे गोळा व्हायचे. वर्गशिक्षिकेने निरोप पाठवला, की मुलगी डबा संपवून मैत्रिणींचेही डबे खाते, घरी खायला देता ना? तो निरोप वाचून मला इतकी लाज वाटली, की मी त्या शिक्षिकेवरच चिडले. आमच्याकडे खायला देत नाहीत! पोरगी दोन माणसांचं खाते आणि अंगाला काही लागत नाही.

डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. मग रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं.

"वाढतं वय आहे," नवरा म्हणाला. "मीही लहानपणी काडीच होतो."

पण म्हणताना त्याने तिच्या मनगटाभोवती आपली बोटं धरली होती आणि ती नको तितकी एकमेकांवर आली होती. त्याने पटकन हात काढून घेतला.

जाळीबद्दल मी त्याला सांगितलं होतं. अंड्याबद्दलही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू दिवसभर दात बघतेस ना. कुठेही दातच दिसणार." खरं सांगायचं तर मलाही ते तसंच निघायला हवं होतं. म्हणून मी एक परीक्षा घेतली, आणि ती त्याच्यासमोरच घेतली.

बीट आणलं. आम्ही दोघांनी त्यातला तुकडाही खाल्ला नाही. शनिवारी दुपारी गुंडीला अंगणात बसवलं आणि बिटाच्या फोडी माझ्या तळहातावरून एकेक करून भरवल्या. ताटली नाही, वाटी नाही, चमचा नाही. सुरी आणि ज्यात बीट उकडलं ते पातेलं मी शेजारणीच्या ओट्यावर धुऊन तिथेच ठेवून आले. गुंडीने चूळ भरली तीही झाडाच्या बुंध्याशी. तिचे ओठ लालभडक झाले होते आणि ती खूश होती.

मग सकाळच्या चहाचे कप मी घासून, पुसून यंत्रात लावले. फक्त कप. नवऱ्याने हाताची घडी घातली, भिंतीला टेकला आणि तोंडावर हसू ठेवून उभा राहिला. चावी फिरवली. पाणी आदळलं, शांत झालं, मग ते मऊ चावणं सुरू झालं. आम्ही दोघं सिंककडे बघत होतो.

पाइपमधून पहिलं पाणी आलं ते स्वच्छ. मग गुलाबी. मग जांभळट लाल, आणि त्यात बारीक बारीक रेषा.

नवऱ्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहून गेलं, काढायचं त्याला सुचलंच नाही. मी झाकण उघडलं नाही. त्या दिवशी जाळी त्याने काढली, पहिल्यांदा, हातमोजे न घालता, आणि बाहेर जाऊन मातीत पुरून आला.

अंगणातून गुंडीचा आवाज आला, की बीट संपलं का.

५

मावशींना फोन मी लावला. नवऱ्याची आधी कुरकुर झाली, की म्हाताऱ्या माणसाला कशाला घाबरवायचं. मी म्हटलं, घाबरायचं काय त्यात, एका यंत्राबद्दल तर विचारायचंय.

"मावशी, तुमच्याकडे जाळीत काय काय निघायचं हो?"

"जाळीत?" त्या हसल्या. "काही नाही बाई. मला तर जाळी काढल्याचंही आठवत नाही. कितीही भरून घाल, चाटूनपुसून साफ. आमच्याकडे पाहुणे असले की ताटांत केवढं टाकलेलं असायचं, पण एक शीत सापडेल तर शपथ."

"आमच्याकडे निघतं."

"काय निघतं?"

मी म्हटलं, "मावशी, मी भांडी आधी धुऊन लावते. पहिल्या दिवसापासून. मला किळस येते हो, काय करू?"

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. मग मावशी अगदी हळू बोलल्या, आणि त्यांच्या आवाजात एरवीची दटावणी नव्हती.

"पोरगी जेवते का नीट?"

मी गुंडीचं नावही काढलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही असं का विचारलंत?"

"अगं, सहजच. लेकरांचं आपलं विचारावं. तू भांडी तशीच घाल बरं का आजपासून. भरपूर ठेव ताटांत. सगळ्यांनी ठेवा." आणि फोन ठेवला गेला. पुन्हा लावला तर मावसदिराने उचलला. म्हणाला, आई आडवी झालीये, तिला बरं नाही, उद्या बोल.

त्या संध्याकाळी मी माझ्या किळसेला मुरड घातली. आम्ही दोघांनी ताटांत भरपूर टाकलं. भात, भाजी, पावाचे तुकडे, वरून मी पातेल्यातलं उरलंसुरलं ओतलं. ती बरबटलेली ताटं उचलताना अंगठा भाजीत बुडाला तेव्हा माझ्या तोंडातून आवाज निघाला, पण मी लावली, एकेक करून, तोंडं मधे करून. देवळात नैवेद्य ठेवावा तितक्या काळजीने लावली म्हणा ना. नवऱ्याने चावी फिरवली.

उघडलं तेव्हा ताटं तशीच होती. भात, भाजी, पाव, सगळं जिथल्या तिथे. कढत पाण्याने भिजलंही नव्हतं, कडेने वाळलं होतं. कुणी ताट पुढे ओढून बघावं आणि परत सरकवून द्यावं तसं.

जाळी मात्र भरलेली होती. गुंडीचं जेवण त्यात होतं.

"म्हणजे आता त्याला हे नको," नवरा म्हणाला. मग स्वतःच्याच बोलण्याने दचकला.

त्याला चटक लागली होती. मी तो शब्द तोंडातून काढला नाही.

६

प्लग नवऱ्याने काढला. नुसता काढला नाही, वायर मुळापासून कापायला पक्कड घेऊन बसला. पण एवढ्या जुन्या यंत्राची वायर कापवेना, म्हणून शेवटी वायर गुंडाळून त्याने ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ढकललं. त्याच्यासारखाच छंद असलेला एक गृहस्थ होता. मुलामा दिलेल्या जुन्या यंत्रांनी त्याने गोदाम भरलंय. त्याला फोन करून सांगितलं, येऊन घेऊन जा, फुकट. तो म्हणाला रविवारी येतो.

मला इतकं हलकं वाटलं, की मी भांडी घासताना गुणगुणले. गुंडीच्या ताटात तिच्या आवडीचा तुपातला शिरा वाढला. म्हटलं, आता जे खाशील ते तुझं.

तिने घास घेतला, चावला. चावत राहिली. मग माझ्याकडे बघून थांबली.

"गिळ ना."

तिने मान हलवली.

"काय झालं? कडू आहे?"

तिने घास तळहातावर काढला. चावून चावून त्याचं पाणी झालं होतं. "आई, खाली जातच नाहीये."

आम्ही समजावलं, मग रागावलो, मग गोष्ट सांगितली. नवऱ्याने विमान करून चमचा फिरवला. ती बिचारी प्रयत्न करत होती. घास तोंडात ठेवून मान वर करायची, डोळे घट्ट मिटायची, गळ्याच्या शिरा ताणल्या जायच्या. पाणी उतरायचं. दूधही थोडंफार उतरायचं. चावायचं असं काहीही उतरत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिच्या उशीपाशी मला गालात धरून ठेवलेला घास सापडायचा. मी तो हाताने उचलायची, आणि मला किळस येत नाही हे माझ्या बऱ्याच वेळाने लक्षात यायचं.

डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली. घसा स्वच्छ. गिळायचे स्नायू ठीक. "भीती बसली असेल मनात," ते म्हणाले, पण वजनकाट्याकडे बघून त्यांनी पेन खाली ठेवलं. "सोमवारी दाखल करा. नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडू. अजून थांबलो तर जड जाईल."

घरी येताना ती नवऱ्याच्या खांद्यावर होती. रस्त्यातल्या एका बाईने थांबून विचारलं, किती महिन्यांची आजारी आहे. नवरा चालतच राहिला, मीच काहीतरी बोलले.

७

रविवारी दुपारी तो गृहस्थ टेम्पो घेऊन आला. मोठा बोलका माणूस. यंत्र बघून त्याने हात जोडले.

"वा! काय मुलामा आहे, राव. चालू आहे ना?"

"चालतं," नवरा म्हणाला.

"एकदा दाखवा. चालू बघितल्याशिवाय मी वस्तू उचलत नाही. माझा नियमच आहे."

मी बैठकीच्या खोलीत गुंडीला घेऊन बसले होते. हातात मऊ भाताची वाटी होती. एक घास तिच्या तोंडात मघापासून तसाच होता, आणि मी काढून घेण्यासाठी हात पुढे केला होता. स्वयंपाकघरात प्लग खोचल्याचा आवाज आला, नळ उघडल्याचा, मग चावी फिरल्याचा. पाणी आदळायला लागलं. मला ओरडून सांगायचं होतं, बंद करा. पाणी शांत झालं आणि ते मऊ चावणं सुरू झालं.

गुंडीने गिळलं.

मी बघितलं, घास गळ्यातून खाली गेला. तिने डोळे मोठे केले, स्वतःच चमचा उचलला, दुसरा घास घेतला, चावला, गिळला. तिसरा. "आई, जातंय!" ती ओरडली. तोंडातून शितं उडाली, ती माझ्या ओठांवर बसली, मी पुसलीही नाहीत.

मी वाटी तिच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात गेले. तो गृहस्थ यंत्राचा चाकांशी असलेला शिक्का वाचत खाली वाकला होता. नवरा नळापाशी होता. या यंत्राला कुलूप नाही, ते चालू असतानाही झाकण उघडतं. मी बोटं झाकणाच्या कडेखाली घातली आणि उचललं.

वीतभर उघडलं, त्याहून जास्त नाही. आत वाफ होती. पाणी कुठेच उसळत नव्हतं. पाती थांबलेली होती. रिकाम्या रॅकच्या तारा हळूहळू एकमेकींजवळ येत होत्या आणि दूर होत होत्या. त्यांच्या खाली काहीतरी पसरट, राखाडी गुलाबी, वर येऊन परत खाली गेलं. वाफेत मला तेवढंच दिसलं.

पण माझी बोटं झाकणाच्या आतल्या बाजूला होती. तिथे मुलामा असायला हवा होता. मी आजवर शेकडो तोंडांचे साचे ओतलेत. वरच्या दातांच्या मागे, टाळूवर, आडव्या वळ्या असतात. प्रत्येक माणसाच्या वेगळ्या. डोळे मिटून हात फिरवला तरी मी त्या ओळखते, प्लास्टरच्या. माझ्या बोटांखालच्या वळ्या गरम आणि ओल्या होत्या आणि माझ्या बोटांच्या दाबाने जराशा आत गेल्या.

मी झाकण सोडलं. ते सावकाश मिटलं, आदळलं नाही.

"छान, छान!" गृहस्थ उठून उभा राहिला. "एकदम बढिया चालतंय. चला, बंद करा, पाइप सोडवू. उचलायला पोरं बाहेर थांबलीत."

नवऱ्याने चावी मागे फिरवली. आवाज थांबला.

बैठकीच्या खोलीतलाही आवाज थांबला. मी वळून पाहिलं. गुंडी खुर्चीत बसली होती, गाल फुगलेले, चमचा अर्ध्यावर. चावत नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूहळू तिच्या डोळ्यांत पाणी भरलं.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या बोटांकडे, ती मी अंगापासून लांब धरली होती.

"विकायचं नाहीये," मी म्हणाले.

"अहो वहिनी, विकायचं कुठे, फुकट देताय ना तुम्ही!" गृहस्थ हसला. आमच्यापैकी कुणीच हसलं नाही, तेव्हा त्याचंही हसू ओसरलं. तो एकदा यंत्राकडे आणि एकदा आमच्याकडे बघून म्हणाला, "बरं बरं. मन बदललं तर कळवा." अंगणातून त्याची पावलं जरा घाईने गेली.

मी चावी स्वतः फिरवली. हात धुतले नाहीत, वेळ नव्हता. गुंडीजवळ जाऊन बसले आणि वाटी घेतली. स्वयंपाकघरात पाणी आदळलं आणि शांत झालं. तिचा गाल हलला, घास खाली गेला. थोड्या वेळाने आत, झाकणाखाली, कुणीतरी सावकाश गिळलं.

नवरा दारात उभा होता. मी त्याच्याकडे न बघता भात कालवला आणि पुढचा घास जरा मोठा केला, दोघांना पुरेल एवढा.